आजोबांच्या फोटोतला गड: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आम्ही सहा-सात जण गेली काही वर्षं एक उद्योग करतो. कुणीतरी डोंगरातला फोटो टाकायचा, जागा सांगायची नाही, आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. सुरुवात चहाच्या पैजेवर झाली. पुढे ओळखीच्या ओळखीतून लोक खरेखुरे प्रश्न घेऊन यायला लागले. कुणाला बापाचा फोटो कुठल्या किल्ल्यावरचा ते हवं असतं, कुणाला लग्नाआधी बायकोबरोबर कुठल्या धबधब्यावर गेलो होतो ते आठवत नसतं (हे प्रकरण फार नाजूक असतं, आम्ही घेत नाही). बहुतेक फोटो सह्याद्रीतले, कारण आमचे पाय तेवढेच चाललेले.

हे प्रकरण ठाण्यातल्या एका कुटुंबाचं. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

घरातल्या आजोबांना जानेवारीत ऐंशी पूर्ण होणार होती. नातवाला त्यांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. तळहाताएवढा, चौकोनी, कडा नागमोडी कातरलेल्या. खडकाळ कड्यावर पाच तरुण बसलेले, अर्ध्या बाह्यांचे शर्ट, एकाच्या गळ्यात मफलर. त्यांच्या मागे दूरवर सपाट माथ्यांचे तीन डोंगर ओळीनं उभे. पाठीमागे पेन्सिलीनं फक्त ‘डिसें. ६६’. पाचातले मधले आजोबा, तेव्हा तेवीस पूर्ण व्हायला आलेले.

नातवाच्या डोक्यात कल्पना अशी: नेमक्या त्याच जागी जायचं, तसाच फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो एका चौकटीत बसवून वाढदिवसाला द्यायचे. आजोबांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. आमच्याकडे तो सप्टेंबरात आला, म्हणजे हातात चार महिने होते.

अडचण

घरात सगळ्यांचं एकमत होतं की फोटो हरिश्चंद्रगडावरचा. कारण आजोबा कधीतरी सांगायचे, ‘पाण्यातली पिंड बघितली, रात्री गुहेत झोपलो, थंडीनं दात वाजत होते.’ केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात पिंड आहे, चारातला एकच खांब शाबूत आहे, हे ट्रेक करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यामुळे नातवानं फोटो पाठवतानाच लिहिलं होतं, ‘हरिश्चंद्रगडावर नक्की कुठून काढलाय ते सांगाल का?’

म्हणजे प्रश्न विचारतानाच अर्धं उत्तर त्यानं आमच्या हातात दिलं होतं. या प्रकरणातला पहिला घोटाळा तिथंच झाला.

त्याच निरोपात शेवटी एक ओळ होती: ‘आजी म्हणते, यात हे काहीतरी वेगळेच दिसतात.’ आम्ही हसलो. सत्तावन्न वर्षांपूर्वीचा माणूस वेगळा दिसायचाच, असं म्हणून पुढे गेलो.

सह्याद्रीत जागा ओळखणं अवघड का, तेही सांगायला हवं. हिमालयात शिखराला स्वतःचं तोंड असतं. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले, त्यामुळे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. धोडपची खाच, वानरलिंगीचा सुळका, रतनगडाचं नेढं (कड्याला आरपार पडलेलं भोक) असं काही विशेष असेल तर पोरगंही ओळखतं. पण नुसते तीन सपाट माथे दिसले तर डझनभर जागा डोळ्यांसमोर येतात. त्यात हा फोटो साध्या कॅमेऱ्याचा, दूरचं सगळं धुरकट.

पहिला निर्णय: फोटो कुणाला दाखवायचा

फोटो आणखी लोकांना दाखवावा, असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं. जितके डोळे तितकं बरं. पण त्यात पाच जणांचे चेहरे होते आणि त्यातले कोण हयात आहेत, त्यांच्या घरच्यांना हे चालेल का, काहीच माहीत नव्हतं. म्हणून माणसं कापून फक्त मागचे डोंगर पाठवायचे ठरलं.

निर्णय योग्य होता, आजही तेच करू. पण त्याची एक किंमत होती, ती तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. उत्तराचा सगळ्यात ठळक पुरावा माणसांच्या अंगावर होता आणि आम्ही तोच कापून टाकला होता.

उत्तरं आली ती अशी: बहुतेकांनी तीन डोंगर म्हणजे अलंग, मदन, कुलंग हे शेजारशेजारचे गड असं ओळखलं. मधला मदन अरुंद, दोन्ही बाजूंचे ऐसपैस. एकानं माहुली म्हटलं, एकानं सातमाळा रांगेतलं काहीतरी. पण अलंग-मदन-कुलंगवर गाडी थांबली, आणि हरिश्चंद्रगडावरून स्वच्छ दिवशी ती रांग दिसतेच, त्यामुळे घरच्यांची समजूत आणि आमची ओळख दोन्ही जुळल्यासारख्या वाटल्या.

पहिली फेरी: हरिश्चंद्रगड

दसऱ्यानंतर नातू मित्राबरोबर पाचनईच्या वाटेनं गडावर जाऊन आला. पाऊस ओसरला होता, हवा धुतल्यासारखी होती. तारामती शिखरावरून त्यानं उत्तरेकडचा फोटो काढून पाठवला. तिघं दिसत होते, पण करंगळीच्या नखाएवढे. मूळ फोटोत ते चौकटीचा चांगला तिसरा हिस्सा व्यापून बसले होते.

हे घरी बसून कळलं असतं. हरिश्चंद्रगडापासून ती रांग सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास आहे. फोटो चौकोनी, म्हणजे त्या काळी घराघरांत असायचा तसल्या साध्या रोलच्या कॅमेऱ्याचा. असा कॅमेरा आडवा साधारण ४० अंश बघतो. नकाशावर कोनमापक ठेवला की ढोबळ हिशेब लगेच मिळतो: हरिश्चंद्रगडावरून अलंगपासून कुलंगपर्यंतचा पसारा ६ अंशांच्या आसपास, म्हणजे चौकटीचा जेमतेम सातवा भाग. तिसरा हिस्सा व्यापायचा तर १३-१४ अंश हवेत, आणि त्यासाठी रांगेपासून साधारण १० किलोमीटरवर असायला हवं.

दहा मिनिटांचं काम होतं. ते न केल्यामुळे दोन पोरांचा शनिवार-रविवार गेला. गड बघून झाला हे खरं, पण ती मूळची गरज नव्हती.

दुसरी फेरी: आंबेवाडी

आता आमच्यातला एक जण पुढे आला. त्यानं तिन्ही गड दोरासकट दोनदा केलेले. त्याला कापलेला फोटो मोठा करून दाखवला तर तो क्षणात म्हणाला, ‘डावीकडचा अलंग आहे. मदनकडे तोंड केलेला त्याचा कडा मी पाचशे माणसांत ओळखेन.’

डावीकडे अलंग, मध्ये मदन, उजवीकडे कुलंग. नकाशात अलंग पूर्वेला आहे आणि कुलंग पश्चिमेला. म्हणजे बघणारा उत्तरेला उभा असणार. उत्तरेला पायथ्याशी आंबेवाडी, तिकडे घोटीवरून जातात. तर्क अगदी सरळ होता आणि सांगणारा माणूस आमच्यात सगळ्यात अनुभवी. कुणी प्रश्न विचारला नाही.

फक्त गटातल्या बाईंनी विचारला. बाई म्हणजे कल्याणच्या एक निवृत्त शिक्षिका, भूगोल शिकवायच्या. त्यांनी एवढंच लिहिलं, ‘डिसेंबरात त्या बाजूनं ऊन कसं येईल?’ त्यावर दोघांनी अंगठे दाखवले आणि चर्चा गाडी कुणाची न्यायची याकडे वळली.

नोव्हेंबरात तो अनुभवी गडी स्वतः मोटरसायकलवर आंबेवाडीला जाऊन आला. परतल्यावर त्याचा चेहरा पडलेला. गावातून तिघं दिसतात ते मान वर करून, अंगावर आल्यासारखे. फोटोत मात्र ते जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत आहेत. म्हणजे फोटो काढणारा स्वतः चांगल्या उंचीवर, १२००-१३०० मीटरच्या घरात असला पाहिजे. आता अलंग-मदन-कुलंगच्या उत्तरेला १० किलोमीटरच्या टापूत तेवढं उंच काय आहे? काहीच नाही. तिकडे इगतपुरीकडचं पठार, भातखाचरं आणि रेल्वे. त्रिंगलवाडी, कावनई हे किल्ले दुप्पट लांब आणि बुटके.

म्हणजे फोटो जिथून काढलेला दिसत होता, तशी जागा पृथ्वीवर नव्हतीच.

तोलून पाहिलेले पर्याय

इथं आम्ही दोन-तीन दिवस अडकलो. त्या दिवसांत पुढे आलेले पर्याय जसेच्या तसे देतो, कारण त्यातले काही आज वाचताना हसू येतं.

एक म्हणणं होतं, हा स्टुडिओतला पडदा असेल. त्या काळी फोटोवाल्यांकडे ताजमहालाचे, काश्मीरचे रंगवलेले पडदे असायचे हे खरं आहे. पण अलंग-मदन-कुलंगचा पडदा रंगवून घेणारा फोटोवाला कुठल्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसला असेल? तो मुद्दा तिथंच संपला.

दुसरं म्हणणं, तिघं अलंग-मदन-कुलंग नाहीतच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू. हे मला स्वतःला पटत होतं. पण कड्याची ओळख इतकी पक्की होती की ती सोडायला मन होईना.

तिसरा पर्याय नातवाचाच. तो कंटाळला होता. म्हणाला, ‘दादा, जिथून तिघं बरे दिसतात तिथून काढतो फोटो. आजोबांना काय कळणार आहे?’ याला मी स्पष्ट विरोध केला. भेट त्याची, निर्णय त्याचा, हे मान्य. पण आम्ही मदत करायची तर खोट्या जागेला ‘हीच ती जागा’ म्हणणार नाही, एवढं सांगितलं. थोडं जड बोललो असेन. नंतर त्याची माफी मागितली.

चौथा पर्याय सगळ्यात सोपा होता: आजोबांना विचारायचं. तो दर वेळी ‘सरप्राइज बिघडेल’ या एका कारणावर मागे पडत होता.

आणि पाचवा, बाईंचा उन्हाचा प्रश्न. त्याला अजून कुणीच उत्तर दिलं नव्हतं.

उलगडा

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अरे, तू मला माणसांसकटचा फोटो दाखव आधी. डोंगरावरून ऊन कळत नाही एवढ्या धुक्यात. माणसाच्या तोंडावरून कळतं.’

नातवाला विचारून मूळ फोटो पाठवला. पाचही जणांचे चेहरे उन्हानं उजळलेले, डोळे बारीक केलेले, नाकाखाली छोटी सावली. ऊन सरळ तोंडावर, म्हणजे सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी.

बाईंनी पुढचं फळ्यावर मांडावं तसं मांडलं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य आग्नेयेला उगवतो, दक्षिणेकडून फिरून नैर्ऋत्येला मावळतो. दिवसभरात एकदाही उत्तरेला येत नाही. आपल्या अक्षांशाला भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून ४७ अंशांवर असतो. आता ही पोरं डोंगरांना पाठ करून बसली आहेत. फोटो उत्तरेकडून काढला असेल तर त्यांची तोंडं उत्तरेला, आणि मग डिसेंबरात त्यांच्या तोंडावर ऊन पडणं शक्यच नाही. चेहरे काळवंडलेले दिसायला हवे होते. तोंडं दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडेच असली पाहिजेत. म्हणजे फोटो दक्षिणेकडूनच काढलेला आहे.

‘पण दक्षिणेकडून अलंग उजवीकडे यायला पाहिजे,’ मी म्हटलं.

‘मग तो उजवीकडेच असेल,’ बाई म्हणाल्या, आणि दोन क्षण आम्ही दोघंही गप्प.

मी फोटो मोबाइलवर आडवा उलटवला. मग पहिल्यांदा शर्ट बघितले. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो आणि डावी पट्टी उजवीवर येते. मूळ फोटोत तीन शर्टांचे खिसे दिसत होते, तिन्ही उजव्या छातीवर. दोघांच्या मनगटावर घड्याळ, दोन्ही उजव्या हातात. तिघंच्या तिघं उलटे शिवलेले शर्ट घालून गडावर गेले नसणार.

फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला होता. छापताना निगेटिव्ह पालथी बसली, म्हणजे इमल्शनची बाजू चुकली, की असं होतं. फोटोत अक्षरं नसतील तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्या मोबाइलनं उलटवलाय का, हीही शंका होती, कारण पुढच्या कॅमेऱ्याला ती खोड असते. नातवाला मूळ कागद हातात घेऊन बघायला लावलं. खिसा उजवीकडेच.

त्यानं तोच उलटवलेला फोटो आजीला दाखवला. आजी म्हणाली, ‘हां, आता हे दिसतात यांच्यासारखे. भांग डावीकडून पाडायचे ना. त्यात उजवीकडून होता.’

सप्टेंबरात तिनं हेच सांगितलं होतं.

टेबलावरची पडताळणी

आता डावीकडे कुलंग, मध्ये मदन, उजवीकडे अलंग. बघणारा दक्षिणेला किंवा आग्नेयेला, १० किलोमीटरच्या आतबाहेर, १३०० मीटरच्या आसपास उंचीवर. नकाशावर एवढ्या अटी लावल्या की उत्तर जवळजवळ आपोआप पडतं: रतनगड, १२९७ मीटर. तिथून रांग वायव्येला येते, म्हणजे डिसेंबरात सकाळी नऊ-दहाचं आग्नेयेचं ऊन बरोबर पाठीमागून. कात्राबाई हा जवळचा डोंगर दुसरा उमेदवार होता, पण शहरातली पाच पोरं तेव्हा वाट वाकडी करून तिकडे गेली असतील असं वाटलं नाही. बोटांवर मोजून रतनगड वर ठेवला.

एकदा तोंड भाजल्यामुळे या वेळी आम्ही घाई केली नाही. उपग्रहाच्या उंचीच्या आकड्यांवरून डोंगरांची रेषा काढणारी साधनं आता मोबाइलवरही मिळतात. रतनगडावर उभं राहून वायव्येला काय दिसेल ते काढून बघितलं. यात एक मेख आहे. या नमुन्यांत जमीन साधारण ३० मीटरच्या चौकोनांत मोजलेली असते. त्यामुळे सह्याद्रीचे सरळ कडे त्यात उतारासारखे गोल होतात आणि सुळके तर गायबच होतात. रतनगडाचा खुटा त्यात शोधाल तर मिळणार नाही. जवळचं काही ताडायला ही साधनं कुचकामी आहेत. पण १० किलोमीटरवरच्या मोठ्या माथ्यांची रेषा ती ठीक देतात. आमच्यातल्या एकाचा जुना रतनगडावरचा फोटो काढून उलटवलेल्या फोटोवर पारदर्शक करून ठेवला. मदनच्या दोन्ही बाजूंच्या फटी एकमेकींवर बसल्या.

एक हरकत राहिली होती. एकानं विचारलं, ‘रतनगडावरून त्या बाजूला खाली पाणी दिसतं. फोटोत कुठंय?’ हरकत रास्त होती. पण ते पाणी घाटघरच्या वीजप्रकल्पाचं, आणि तो प्रकल्प २००८ साली सुरू झाला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ सालचं, पण त्याचा फुगवटा पलीकडे, या चौकटीच्या बाहेर. जुन्या फोटोत पाणी नसणं हा उलट बाजूचाच पुरावा होता. आपण आज बघितलेला डोंगर जुन्या फोटोत शोधतो आणि धरणं मनातून वजा करायला विसरतो, हे मला इथं नव्यानं कळलं.

तिसरी फेरी: रतनगड

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नातू, मी आणि तो अनुभवी गडी असे तिघं गेलो. रात्री रतनवाडीत मुक्काम, पहाटे अमृतेश्वराच्या देवळावरून वाट धरली. शनिवार-रविवारची गर्दी शिड्यांवर यायच्या आत गणेश दरवाजा गाठायचा होता, कारण नऊचं ऊन चुकवून चालणार नव्हतं.

वर पोचल्यावर कुणी काही बोललं नाही. तिघं समोर उभे होते, कुलंग डावीकडे.

डोंगर सापडला तरी जागा सापडायची होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फोटोवरून जागा शोधणारे बरेच जण इथं गोंधळतात. दूरचं क्षितिज तुम्हाला गड सांगतं. पण तुम्ही गडावर शंभर-दोनशे पावलं इकडेतिकडे सरकलात तरी १० किलोमीटरवरचे डोंगर जागचे हलल्यासारखे वाटत नाहीत. नेमकी जागा फक्त जवळच्या वस्तू सांगतात. आमच्याकडे जवळची वस्तू एकच होती, आजोबांच्या डाव्या हाताशी बैलाच्या वशिंडासारखा एक खडक.

दीड तास कड्याच्या कडेनं वशिंडं शोधली. तशी दोन सापडली. एकाची खाच जुळत होती पण त्याच्या पुढे बसायला पाच माणसांची जागा नव्हती. दुसऱ्यापाशी जागा होती, खाच जरा वेगळी. सत्तावन्न पावसाळ्यांत टवका उडाला असेल, किंवा ती जागाच नसेल. नातवानं दुसरी निवडली. मी त्याला तेवढ्यापुरतं ‘बहुतेक हीच’ म्हटलं, ‘नक्की हीच’ नाही.

इथं एक निर्णय घाईत घेतला असता तर महागात पडला असता. मोबाइलचा कॅमेरा जुन्या कॅमेऱ्यापेक्षा बराच रुंद बघतो, त्यामुळे डोंगर छोटे दिसायला लागले. अनुभवी गडी पुढे-मागे सरकत चौकट जुळवायला लागला, आणि मागे कडा होता. मी त्याला थांबवलं. पुढे-मागे सरकलं की जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचं नातंच बदलतं. आपल्याला फक्त चौकट लहान करायची होती, त्यासाठी दुप्पट झूम पुरतो. त्यानंतर नियम केला: फोटो काढणारा पडद्याकडे बघतो, दुसरा त्याच्या पायांकडे.

निष्पत्ती

चौकट करताना एक प्रश्न उरला. जुना फोटो सुलटा करून बसवायचा की होता तसा? सुलटा केला तर दोन्ही फोटोंतले डोंगर जुळतील. होता तसा ठेवला तर शेजारीशेजारी एकमेकांचं आरशातलं रूप दिसेल. माझं मत सुलट्याच्या बाजूनं होतं. नातवाच्या आईनं ठरवलं, ‘सत्तावन्न वर्षं त्यांनी जो बघितलाय तोच राहू दे.’ मूळ कागद तसाच बसवला.

वाढदिवसाला आजोबांनी चौकट बराच वेळ हातात धरली. फोटो उलटा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल तर बोलले नाहीत. म्हणाले, ‘रतनगड. शेंडीहून होडीनं गेलो होतो रतनवाडीला. पहाटे पाण्यावर काय गारठा होता.’ (शेंडी म्हणजे भंडारदऱ्याच्या धरणाजवळचं गाव.)

पाण्यातली पिंड? ‘ती हरिश्चंद्रगडाची. ती दुसऱ्या वर्षी.’ दोन सहली घरच्यांच्या सांगण्यात एक झाल्या होत्या. आजोबांची आठवण तल्लख होती.

काय वेगळं करता आलं असतं

सरप्राइज न बिघडवता आजोबांना विचारता आलं असतं. ‘कुठला गड?’ असं नको. ‘पूर्वी डोंगरात जायला गाड्या कुठे होत्या, मग कसे जायचात?’ एवढंच चहा पिताना विचारलं असतं तर होडी पहिल्याच दिवशी बाहेर आली असती, आणि होडीनं जायचा गड त्या भागात दुसरा कुठला? नाव विचारलं की लोक शेवटी ऐकलेलं नाव सांगतात. प्रवास विचारला की गाडी, होडी, जेवण, थंडी असं खरं काहीतरी हाती लागतं.

घरच्यांची समजूत फोटोबरोबर गटात टाकायला नको होती. आता आम्ही ती एकाकडेच ठेवतो, बाकीच्यांना कोरा फोटो देतो. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर त्या फरकातूनच पुष्कळ कळतं.

अनुभवी माणसाच्या कड्याच्या ओळखीत चूक नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. त्यानं अलंग बरोबर ओळखला. उलट्या फोटोतही तो अलंगच होता, डावा-उजवा फिरलेला. बरोबर ओळखीवरून आम्ही चुकीच्या जागी गेलो, कारण कागद सरळ आहे हे आम्ही न विचारता धरून चाललो. आता जुना फोटो आला की आधी खिसा, घड्याळ, भांग आणि कुठे अक्षरं असतील तर ती बघतो. डोंगर नंतर.

आणि बाईंचा प्रश्न. तो तीन आठवडे पडून राहिला कारण तो प्रश्न होता, उत्तर नव्हतं, आणि आमच्या खेळात गुण उत्तराला मिळतात. यावर अजून उपाय सापडलेला नाही. सध्या एवढंच करतो की कुठेही निघायच्या आधी, कुणाची शंका अनुत्तरित राहिली आहे का, ते वर जाऊन एकदा वाचतो.

निघताना आजोबांनी मला थांबवून विचारलं, ‘फोटोत आम्ही पाच. मग फोटो काढला कुणी?’ आम्हाला हे सुचलंच नव्हतं. रतनवाडीतला एक वाटाड्या बरोबर होता. शिडीविना वर कसं चढायचं ते त्यानंच दाखवलं, आणि कॅमेऱ्याचं बटण कुठे दाबायचं ते यांनी त्याला दाखवलं. त्याचं नाव आजोबांना आठवत नाही. नातू मार्चमध्ये पुन्हा रतनवाडीला जाणार आहे, फोटोची एक प्रत घेऊन, सुलटी करून.